हृदयातली गाठ आता बरगड्यांच्या फटीतून

मानेवर किंवा काखेत गाठ आली तर ती हाताला लागते. घरातली माणसं बघतात, कुणी लेप सांगतं, कुणी तालुक्याला जा म्हणतं. पण हृदयाच्या आतच गाठ वाढली तर? ती हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि बहुतेक वेळा दुखतही नाही. माणूस आपला बांधावर राबत असतो आणि आत एक मऊ गोळा दर ठोक्याला हेलकावे खात असतो. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोकतं. म्हणजे दिवसाला एक लाख हेलकावे झाले.

ऐकून दचकू नका. हा घरोघरचा आजार नाही. शवविच्छेदनांच्या जुन्या हिशेबाप्रमाणे मूळ हृदयातच उगवलेली गाठ सुमारे पाच हजारांत एखाद्याला सापडते. मग इतक्या विरळा आजारावर एवढा मजकूर कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण असं, की ही गाठ वेळेत सापडली तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो, आणि नाही सापडली तर चाळिशीतल्या धडधाकट माणसाच्या अंगावरून एका सकाळी वारं जातं. शिवाय ती काढण्यासाठी पूर्वी छातीचं मधलं हाड उभं कापावं लागायचं. आता निवडक रुग्णांत उजव्या बरगड्यांच्या फटीतून, अडीच-तीन इंचांच्या चिरेतून ती काढता येते. हातावर पोट असलेल्या आणि पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

गाठ कशी असते, कुठं असते

मोठ्या माणसांत हृदयातल्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींपैकी सगळ्यात जास्त दिसते ती 'मिक्झोमा' नावाची. नाव अवघड असलं तरी ते लक्षात ठेवा, रिपोर्टवर तेच येतं. चार मिक्झोमांपैकी तीन हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात असतात. दोन वरच्या कप्प्यांमध्ये जो पडदा असतो, त्याला ही गाठ देठानं लटकलेली असते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, आणि वय साधारण तीस ते साठ. म्हणजे घर आणि शेत दोन्ही ज्यांच्या जिवावर चालतं, नेमक्या त्या वयात.

हाताला ती ताडगोळ्यासारखी बुळबुळीत लागते. काहींची गुळगुळीत असते, काहींची द्राक्षाच्या घडासारखी लोंबती. ही लोंबती जात जास्त वाईट, कारण तिचे तुकडे सहज सुटतात. आकार लिंबाएवढा असू शकतो किंवा मोठ्या पेरूएवढाही.

आता ती त्रास कसा देते ते बघा. विहिरीवरच्या मोटरीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये चिंधी अडकली की काय होतं? मोटर चालू, आवाज चालू, पण पाणी ओढत नाही. इथं तसंच आहे. डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त जाताना मध्ये एक झडप असते. झडप उघडली की देठावरची गाठ घसरून नेमकी तिच्या तोंडात येऊन बसते. रक्त अडतं, मागं फुप्फुसात तुंबतं आणि माणसाला धाप लागते.

यातली एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाठ लटकती असल्यानं शरीराची बैठक बदलली की त्रास बदलतो. समजा एखादी बाई खुरपत बसली आहे. ती उठून उभी राहिली की डोळ्यापुढं अंधारी येते, आडवी झाली की बरं वाटतं. दुसऱ्या कुणाला एका कुशीवर झोपलं की दम लागतो आणि कूस बदलली की थांबतो. 'अंगात रक्त कमी आहे' म्हणून असल्या चकरांवर लोहाच्या गोळ्या चालू राहतात. रक्त कमी असतंही, कारण ही गाठच कधीकधी रक्त कमी करते. बारीक ताप, वजन उतरणं, सांधे दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं हीसुद्धा तिची लक्षणं. गाठ रक्तात असे काही पदार्थ सोडते की शरीराला वाटतं, आत जंतूंशी लढाई चालू आहे. मग टीबीची तपासणी होते, संधिवाताची होते, महिने जातात.

तिसरा आणि सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे तुकडा सुटणं. मिक्झोमाच्या दर दहा रुग्णांपैकी तिघा-चौघांत हे घडतं. डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा रक्ताबरोबर मेंदूत गेला की लकवा. पायाच्या धमनीत अडकला की पाय एकाएकी थंड, पांढरा आणि असह्य दुखरा होतो. उजव्या बाजूच्या गाठीचा तुकडा फुप्फुसात जातो. ज्याला रक्तदाब नाही, साखर नाही, व्यसन नाही अशा तरुण माणसाला लकवा झाला तर तो 'करणी'चा किंवा 'बाहेरचा' नसतो. त्यामागं हृदयात काही असू शकतं. अशा वेळी पहिल्यांदा १०८ ला फोन करा. लकव्याची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते द्यायचं की नाही हे मेंदूचा स्कॅन बघून डॉक्टर ठरवतात. लसणाचा रस नाकात घालण्यात हे तास घालवू नका. रुग्ण स्थिर झाला की डॉक्टरांना विचारा, 'साहेब, टूडी इको केली का?'

जहाजाच्या कारखान्यातलं यंत्र

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही. साध्या ईसीजीत किंवा छातीच्या एक्स-रेत ही गाठ दिसेलच असं नाही. इकोत मात्र ती हलताना डोळ्यांनी दिसते. रुग्णाच्या नातेवाइकालाही दिसते, इतकी स्पष्ट.

या तपासणीचा जन्म गमतीचा आहे. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी माल्मोच्या जहाज बांधणी कारखान्यातलं एक यंत्र उसनं आणलं. पोलादाच्या पत्र्यात आत तडा गेला आहे का, हे ध्वनिलहरींनी शोधणारं ते यंत्र होतं. ते त्यांनी माणसाच्या छातीवर ठेवलं. पुढं १९५९ साली जर्मनीत या पद्धतीनं डाव्या कप्प्यातली गाठ जिवंत माणसात ओळखली गेली. त्याआधी हृदयाची गाठ ही बहुतेक करून मेल्यावरच कळायची.

गाठ काढण्याचाही इतिहास फार जुना नाही. हृदय थांबवून आत हात घालायचा, तर तेवढा वेळ शरीराला रक्त कोण पुरवणार? हे काम करणारं हृदय-फुप्फुस यंत्र अमेरिकेत जॉन गिबन यांनी १९५३ च्या मे महिन्यात यशस्वीपणे वापरलं. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी अशा यंत्राच्या आधारानं डाव्या कप्प्यातला मिक्झोमा काढला आणि रुग्ण वाचला. तिथून पुढं चाळीस वर्षं रस्ता एकच होता, छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापायचं, फाकवायचं आणि काम झालं की तारांनी बांधून टाकायचं.

हा रस्ता आजही चुकीचा नाही, आणि बहुतेक ठिकाणी तोच वापरतात. पण नव्वदीच्या दशकात लोकांनी दुसरा शोधायला घेतला. १९९६ साली पॅरिसला अलँ कार्पांतिए यांनी व्हिडिओ कॅमेरा लावून छातीच्या छोट्या चिरेतून हृदयाची झडप दुरुस्त केली, आणि १९९८ साली यंत्रमानवाचे हात वापरून. झडपेपर्यंत पोचता आलं म्हणजे गाठीपर्यंतही पोचता येतं, कारण दोघींचं घर एकच.

ऑपरेशन होतं कसं

पूर्ण भूल दिल्यावर श्वासनळीत दोन तोंडांची नळी घालतात. तिच्यामुळं उजवं फुप्फुस काही वेळ बंद ठेवून डाव्यावर काम चालवता येतं. मग उजवीकडं, छातीच्या खालच्या घडीजवळ, चौथ्या फटीच्या आसपास पाच ते सात सेंटिमीटरची चीर घेतात. बायकांमध्ये ती स्तनाखाली झाकली जाते. शेजारी बोटभर जाडीची एक-दोन भोकं असतात, एक कॅमेऱ्याला आणि एक अवजाराला. हाड कुठंच कापत नाहीत, बरगड्या थोड्या फाकवतात.

यंत्राच्या नळ्या छातीतून न घालता जांघेतून घालतात, एक शिरेत आणि एक धमनीत. रक्त शिरेतून बाहेर येतं, यंत्रात त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते धमनीतून परत जातं. मोठ्या धमनीला चिमटा लावून पोटॅशियमचं द्रावण हृदयात सोडतात आणि हृदय शांत उभं राहतं. मग वरचा कप्पा उघडायचा.

खरी कसोटी इथून पुढं आहे. गाठ नुसती ओढून चालत नाही. ती पिकल्या सीताफळासारखी, बोट लावलं तर गर सुटेल अशी असते आणि सुटलेला गर मेंदूत जाऊ शकतो. म्हणून शल्यविशारद गाठीला शक्य तितका हात लावत नाही. तो देठ शोधतो, आणि देठ जिथं पडद्यातून उगवला आहे तिथला पडद्याचा थोडा भागही देठासकट कापून घेतो. हरळीची मुळी ठेवली की ती परत फुटते हे तुम्हाला सांगायला नको. सुटी झालेली गाठ आतल्या आत प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड आवळतात आणि मगच चिरेतून बाहेर काढतात. मोठी गाठ छोट्या चिरेतून अशी पिशवीतूनच सुखरूप निघते. कप्पा पाण्यानं धुतात. पडद्याला पडलेलं भोक टाक्यांनी किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीचाच तुकडा ठिगळासारखा लावून बंद करतात. कप्प्यात हवा राहू नये म्हणून तिथं कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, कारण हा वायू रक्तात लवकर विरघळतो. शेवटी अन्ननलिकेतून घातलेल्या इकोच्या नळीनं तपासतात, की झडप नीट मिटते ना, काही उरलं नाही ना. गाठ पॅथॉलॉजीला जाते. तिचा कागद नंतर मागून घ्या. गाठ कोणत्या जातीची होती याचा पक्का निकाल तोच देतो.

लहान चिरेचा हिशेब

फायदा कुठं आहे ते सरळ सांगतो. मोठ्या पद्धतीत कापलेलं हाड सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर वजन उचलणं, पंप पाठीवर घेणं, कोळपं धरणं बंद. निदान सहा आठवडे ट्रॅक्टर आणि मोटारसायकलही बंद. लहान चिरेत हाड शाबूत असल्यानं माणूस बहुधा चार-सहा दिवसांत घरी येतो आणि तीन-चार आठवड्यांत हलक्या कामाला लागू शकतो. रक्तही कमी चढवावं लागतं.

आता दुसरी बाजू, जी जाहिरातीत नसते. लहान चिरेत यंत्रावरचा वेळ सहसा जास्त लागतो. जांघेतल्या नळ्यांमुळं पायाच्या धमनीला इजा होण्याचा धोका असतो. आणि गाठ पुन्हा न होण्याच्या किंवा आयुष्य वाढण्याच्या बाबतीत लहान चीर मोठीपेक्षा सरस ठरल्याचं दिसलेलं नाही, निकाल जवळपास सारखेच आहेत. दोन्हींची तुलनाही बहुतेक एकेका दवाखान्याच्या जुन्या नोंदींवरून झाली आहे. मिक्झोमाच्या ऑपरेशनमध्ये दगावण्याचं प्रमाण अनुभवी ठिकाणी शंभरात सुमारे एक ते तीन आहे. ते खाली राहतं ते मुख्यतः करणाऱ्या हातांमुळं, चीर किती लांब यामुळं नव्हे. म्हणून 'बिनाटाक्याचं ऑपरेशन' असला फलक बघून जाऊ नका. 'असं ऑपरेशन इथं वरचेवर होतं का, आणि मध्येच अडचण आली तर छाती उघडायची तयारी आहे का?' एवढं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

काहींना लहान चीर चालत नाही. पूर्वी उजव्या बाजूला टीबी होऊन किंवा पू होऊन फुप्फुस छातीला चिकटलं असेल तर आत जायला जागा नसते. आपल्याकडं असे रुग्ण थोडे नाहीत, तेव्हा जुना टीबीचा आजार लपवू नका. वर्षानुवर्षं विडी-तंबाखूनं पायाच्या धमन्या खराब झाल्या असतील तर नळ्या घालणं धोक्याचं. बरोबरीनं बायपासही करायची असेल तर बहुधा मोठीच चीर.

आणखी एक गोष्ट. इकोत दिसलेला प्रत्येक गोळा कापायचा नसतो. झडप आखडलेली असेल किंवा ठोके अनियमित असतील तर त्याच कप्प्यात रक्ताची गुठळी जमते आणि ती गाठीसारखी दिसते. तिच्यावर बहुधा आधी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या देतात. त्यातली वॉरफेरिन ही गोळी मुळात उंदरांचं औषध म्हणून १९४८ साली बाजारात आली. तिचा मागही शेतकऱ्यांच्याच गोठ्यातून लागला होता. अमेरिका-कॅनडात १९२० च्या दशकात बुरशी लागलेलं क्लोव्हर गवत खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरू लागली आणि त्या गवतातल्या पदार्थाचा शोध घेता घेता हे औषध हाती आलं. म्हणूनच या गोळीवर असलेल्यानं रक्ताची तपासणी चुकवू नये आणि मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. तान्ह्या बाळांच्या हृदयातल्या एका जातीच्या गाठी तर आपोआप आकसतात, नुसतं लक्ष ठेवायचं. उलट दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर हृदयात पसरणं हे मूळ हृदयातल्या गाठीपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं. तिथं चीर लहान की मोठी हा प्रश्नच वेगळा. शंका असेल तर एमआरआय करतात.

मेंढरं, कुत्री आणि ग्रामपंचायत

हृदयातल्या गोळ्याचा एक प्रकार मात्र थेट आपल्या गोठ्या-वाड्याशी जोडलेला आहे, तो म्हणजे हायडॅटिड. मेंढीच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात पाण्याचे फोड असतात ते तुम्ही पाहिले असतील. कापल्यावर ते कुत्र्यापुढं टाकतात. कुत्र्याच्या आतड्यात त्याची बारीक फीतकृमी होते, तिची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर, हातावर येतात आणि माणसाच्या पोटात जातात. माणसात फोड बहुधा लिव्हरला आणि फुप्फुसाला होतो. या आजाराच्या रुग्णांत शंभरात एखाद-दोघांना तो हृदयातही होतो. हा फोड फुटला तर अंगावर गांधी उठून, रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. अशा गाठीला लहान चिरेचा हट्ट धरू नये. आत पाणी सांडणार नाही इतकी मोकळी जागा शल्यविशारदाला लागते, आणि सोबत अल्बेंडॅझोलच्या गोळ्या चालतात.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी इथं कान द्यावा. मटणाच्या दुकानामागचा कचरा उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरायचा, एवढं केलं तरी साखळी तुटते. पाळीव कुत्र्यांना फीतकृमीसाठी प्राझिक्वांटेलची मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यायची. मेंढपाळांच्या तळावर मुलं कुत्र्यांत खेळून तशीच भाकरीला बसतात. हात धुणं तिथं शाळेपेक्षा जास्त गरजेचं.

कागदपत्रं आणि पैसा

हे ऑपरेशन मोठ्या शहरातच होतं आणि खर्च मोठा असतो, हे खरं. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ साली सरकारनं तिची मर्यादा कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि सर्व रेशनकार्डधारकांना ती लागू करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या दवाखान्यात दारातच 'आरोग्यमित्र' बसतो. त्याला दोन गोष्टी विचारा. हृदयातली गाठ काढणं कोणत्या नावाखाली मंजूर होतं, आणि लहान चिरेच्या पद्धतीचा जादा खर्च योजनेत बसतो का. बसत नसेल तर जमीन गहाण टाकून लहान चीर घेऊ नका. मोठ्या चिरेनंही गाठ तितकीच निघते, दोन महिने कामाचे जातील एवढंच. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी भाऊसाहेब आणि तहसील कचेरीनं असा अर्ज आला तर तो त्याच दिवशी हातावेगळा करावा, कारण इथं थांबायला वेळ नसतो. डॉक्टर निदान झालं की शक्य तितक्या लवकर ऑपरेशन ठरवतात. 'पेरणी उरकून येतो', 'ऊस गेला की बघू' असं म्हणून परत आलेल्याच्या आत गाठ तशीच हेलकावत असते, आणि तुकडा सुटायला एक ठोका पुरतो.

ऑपरेशननंतर काही दिवस ठोके वेडेवाकडे पडू शकतात, ते बहुधा औषधानं आवरतात. जांघेतली जखम सुजली, लाल झाली किंवा पाय गार पडला तर वाट न बघता परत दाखवा. गाठ पुन्हा उगवण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन आहे. पण काही घराण्यांत ती वारशानं येते. अशांच्या अंगावर, ओठांवर काळसर ठिपके असतात, गाठी तरुणपणी होतात आणि काढल्या तरी परत येतात. घरात दोघांना निघाली तर बाकीच्या भावा-बहिणींची आणि मुलांची इको करून घ्यावी. एरवी वर्षाला एक इको पुरते. जाताना जुना रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद आणि पॅथॉलॉजीचा कागद एकाच पिशवीत घालून न्या. दरवेळी डॉक्टर नवा असू शकतो.